ठकूआत्यानं फोडलेला रेडिएटर

नगरच्या एका छापखान्यात मी पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते. मथळ्यात 'मिरजगावच्या ठकूबाईंवरील हल्ल्याचा निषेध' असं लिहिलं होतं. फोन वाजला. वडील होते. दवाखान्याच्या जिन्यातून बोलत होते. मागे कुणीतरी फरशीवरून लोखंडी बादली ओढत होतं. "ठकी गेली," एवढंच म्हणाले... आणि फोन ठेवलाही नाही. बराच वेळ मी ती बादलीच ऐकत राहिले. मग छापखान्याच्या मालकांकडून पेन घेतलं, 'हल्ल्याचा' खोडलं आणि वर 'खुनाचा' लिहिलं. त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "ताई, जरा थांबा. कोर्टात काही ठरलेलं नाही अजून. असा शब्द छापायचा म्हणजे..." मी म्हटलं, "छापा. खाली माझं नाव आहे."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. गाडी दुरुस्तीच्या वादातून मारहाण, महिलेचा उपचारादरम्यान मृत्यू. वाद म्हणायला दोन्हीकडून हाणामारी व्हावी लागते. आणि उपचारानं कुणी मरत नाही. माझी आत्या चाकाचे नट खोलायच्या लोखंडी पान्यानं मेली. तो पाना धरणाऱ्या हाताला नाव आहे, ते फिर्यादीत आहे. या पुरवणीसाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले, राग थोडा बाजूला ठेवून हळुवार आठवणी लिहा. मी प्रयत्न केला. पण ठकूआत्या हळुवार नव्हती, आणि तिच्यावर हळुवार लिहिणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा खोटं पाडणं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील आयुष्यभर शेतमजुरांच्या संघटनेत. आमच्या घरात पाटीपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'जाहीर', 'निषेध', 'मोर्चा' यांवरून. आत्या आली की त्याच गठ्ठ्यातला एक कागद ओढायची आणि हातावरचं ग्रीस पुसायची. "दादा, तुझ्या संघटनेचा कागुद झ्याक हाय," म्हणायची, "तेल लई वढतो." वडील चिडायचे. ती आणखी एक कागद ओढायची. माझ्याकडे वळून म्हणायची, "आन् तू गं पुढारीन, नुसती वाचू नगंस. वाचून झालं की हिकडं दे."

तिचे दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली भाजलेले होते. चामडी आक्रसून, चकाकती, पावलांपर्यंत उतरलेली. लुगडं आखूडच नेसायची, झाकायची नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच हंगामात ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली होती. जामखेडच्या बाजूनं निघालेला जुना टेम्पो, ज्याचं इंजिन पुढे केबिनच्या आत असतं आणि त्यावर पत्र्याचं झाकण असतं. मागे बिऱ्हाडं, भांडी, शेरडं खच्चून भरलेली, म्हणून बाया-पोरांना पुढे त्या झाकणावर गोधडी टाकून बसवायचे. आजही बसवतात. आत्या जावेचं तान्हं मांडीवर घेऊन बसली होती. चढावर इंजिन तापलं, झाकणाखालचा रबरी पायप फुटला आणि उकळतं पाणी फटीतून केबिनमध्ये उसळलं. तिला बाजूला सरकायला वीतभर जागा नव्हती. तिनं पोर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि टेम्पो थांबेपर्यंत ती त्या पाण्यात तशीच उभी राहिली. पोराच्या अंगावर थेंब उडाला नाही. ड्रायव्हरनं उतरून आधी गाडीखाली पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि म्हणाला, "सगळं पानी गेलं राव." कालव्यातून डबे भरून आणले, इंजिनात ओतले, फुटका पायप चिंधीनं बांधला आणि गाडी पुढे काढली. कारखाना गाठायचा होता. आत्याला मागे भांड्यांवर आडवं टाकलं. तिच्या ओरडण्याला कंटाळून कुणीतरी तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि लगेच म्हणाले की यावर लिहायला हवं. ती म्हणाली, "लिव्ह की. पर त्यो पायप कशानं फुटला, ते आदी समजून घे. न्हाईतर लिवशील गरीब बिचारी." 'बिचारी' हा शब्द तिला शिवीपेक्षा वाईट वाटायचा.

पाय भाजल्यावर उसाच्या फडात उभं राहणं संपलं. नवऱ्यानं दुसरी केली. आत्या मिरजगावला हायवेवर आली. तिथे एक म्हातारे चाचा रेडिएटर धुण्याचं काम करत. त्यांच्याकडे आधी पाणी भरायला आणि मग धुवायला राहिली. चाचा शिव्या देत शिकवायचे आणि ती शिव्या देत शिकली. ते गेल्यावर शेड तिच्याकडे आली. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं खारट की हंड्याला पांढरं कवच धरतं. तेच पाणी ड्रायव्हर बिनदिक्कत इंजिनात ओततात. आत कवच धरतं, गंज चढतो, बारीक नळ्या तुंबतात, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन स्वतःच्याच तापानं मरायला लागतं. गळती लागली तर आणखी एक अक्कल आहे, हळद. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की फुगून भोक बुजतं, असं हायवेवरचा प्रत्येक ड्रायव्हर तुम्हाला सांगेल. बुजतं खरंच. भोकाबरोबर बाकीच्या नळ्याही बुजतात.

आत्या ती घाण काढायची, म्हणजे मारून काढायची. रेडिएटर उतरवून उलटा करायची आणि पाण्याच्या मोटारीचा पायप खालच्या तोंडाला दाबून धरायची. घाण ज्या वाटेनं आत गेली, तिच्या उलट वाटेनं पाणी घुसवायची. आधी काहीच यायचं नाही. रेडिएटर तिच्या हातात थरथरायचा, पाणी बाजूनं फवारायचं, ती शिव्या हासडत आणखी दाबायची, आणि मग वरच्या तोंडातून गंजाचा लाल लोंढा ओकारीसारखा बाहेर पडायचा, भिंतीवर, तिच्या छातीवर, बघत उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या पांढऱ्या पँटवर. "घे, तुझं पाप," म्हणायची. जिथं पाणी हरायचं तिथं चपटी सळई घालून एकेक नळी खरवडायची. मग इंजिनाच्या पोटातूनही तसंच उलटं पाणी. ते नितळ येईपर्यंत गाडी सोडायची नाही, मालक कितीही आरडला तरी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईनं उघडायला जाणाऱ्या माणसाच्या हातावर ती काठी मारायची. बोलून सांगायला वेळ नसतो, म्हणायची. त्याचं तोंड शिजायच्या आत हात मोडलेला बरा. एका पुण्याच्या साहेबांना तिनं अशी काठी मारलेली मी पाहिली आहे. ते पोलिसात जातो म्हणाले. "जावा की. तोंड घिऊन जाताय, ह्ये ध्यानात ठिवा."

मला तिची ही मारहाण आवडायची नाही. आमच्या पत्रकांतून आम्ही सनदशीर मार्ग सांगतो, आणि मी ते मानते. तिच्याशी भांडायची. ती म्हणायची, "तुजं बराबर हाय. पर तुजा मारग लांबनं जातो, आन् गाडी हितं तापलीय."

हंगामाच्या तोंडावर मी तिच्याकडे गेले होते. दसरा होऊन गेला होता आणि हायवेवरून बिऱ्हाडं भरलेली वाहनं पश्चिमेकडे धावत होती. सकाळीच एक टेम्पो धूर ओकत तिच्या दारात येऊन थांबला. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा होता. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. टोळीतली माणसं उतरून लिंबाखाली बसली. त्यात कमल नावाची एक पोरसवदा बाई होती, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, परी. दोघी त्या इंजिनावरच्या झाकणावर बसून आल्या होत्या. कमलचं लुगडं मागून उन्हातल्या पापडासारखं कडक झालं होतं.

आत्यानं गाडी थंड होऊ दिली आणि रेडिएटरचा खालचा बोल्ट काढला. पाणी आलंच नाही. पिवळसर, मळक्या लोण्यासारखा एक गोळा लोंबला आणि पडला. भाऊसाहेब म्हणाला, "करजतचा मिस्त्री बोलला, हेड गॅस्किट गेलंय. इंजिनाचं ऑइल पाण्यात उतरतंय." आत्यानं बोटावर घेऊन वास घेतला. पुन्हा घेतला. मग सावकाश त्याच्याकडे वळली.

"भाऊसाहेब, इंजिनात तिळाचं तेल कवापासनं घालाया लागलात?"

त्याला अभिमानच वाटला. "शिंगणापूरला गेल्तो शनवारी. देवाला वाहिलं, उरल्यालं गाडीला घातलं. साडेसाती चालू हाय गाडीला. दोनदा तापली, एकदा पलटी झाली."

"रेडिएटरात घातलं?"

"मग काय टायरात घालू?"

आत्या हसली, आणि लिंबाखालच्या बायांना ओरडून म्हणाली, "या गं, बगा. गाडीचं लगीन लावलंय भाऊसायबानं. हळद लावली, तेल लावलं, आता नवरा हुडकायचा ऱ्हायलाय." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊसाहेब हसला नाही. तिनं मग सरळ आवाजात सांगितलं, "द्येवाचं तेल द्येवाला. त्यो दगडाचा हाय, त्याला पचतं. रबराला न्हाई पचत."

दुपारभर ती त्या घाणीशी झुंजली. तेल नुसत्या पाण्यानं सुटत नाही. चुलीवर पाणी तापवलं, त्यात कपडे धुवायची पावडर कालवली, ते आत भरून इंजिन चालू केलं, तापू दिलं, सोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. मग रेडिएटर उतरवला आणि उलट्या पाण्याचा मारा सुरू केला. हळद, गंज, क्षार आणि तेल यांचा फेसाळ चिखल शेडभर पसरला. त्यात ती अनवाणी उभी होती. ऊन कलायला लागलं तेव्हा रेडिएटरच्या एका तोंडातून घातलेलं पाणी दुसऱ्यातून नितळ पडत होतं. तिनं ओंजळ धरली आणि त्याच पाण्यानं तोंड धुतलं. मी तिला इतकी खूश क्वचित पाहिली होती.

मग तिनं केबिनमधलं झाकण उचललं आणि आतला रबरी पायप दाबला. तेलानं तो जळूसारखा फुगला होता. बोट रुतायचं आणि खड्डा तसाच राहायचा. तिनं कमलला बोलावलं. "हात लाव. दाब. कसा लागतो?" कमल म्हणाली, "मऊ. पिकल्या पेरूवानी." आत्या म्हणाली, "त्यो असा लागला की बसायचं न्हाई. कुनीबी सांगू दे, बसायचं न्हाई." आणि तिनं स्वतःच्या पायांकडे बोट केलं. एवढंच. कमलनं परीला घट्ट धरलं.

त्या मापाचा पायप मिरजगावात नव्हता. दुसऱ्या दिवशी नगरहून आणावा लागणार होता. भाऊसाहेबाला एक दिवस थांबायचं नव्हतं. कारखान्यावर टोळी उद्या पोचली नाही तर फड दुसऱ्याला जाईल, म्हणाला. "ट्यूब कापून गुंडाळ, वर तार आवळ. कारखान्यापत्तूर काय फाटत न्हाई." आत्या नाही म्हणाली. मग तो म्हणाला, बरं, लोकांना मागं बसवतो. पण मागे बोट घालायला जागा नव्हती; हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि लिंबाखालच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांच्यातलं कुणी बोललं नाही. मुकादमाकडून आगाऊ पैसे घेऊन शब्द दिलेला असतो आणि हंगाम सहा महिन्यांचा असतो. मी बोलले. कायदा सांगितला. मग पोलीस ठाण्यात फोन केला. पलीकडून विचारलं, अपघात झालाय का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग उद्या लेखी द्या.

भाऊसाहेबानं ते ऐकलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल रं, रेडिएटर चढव. म्हातारीचं काम झालंय." ड्रायव्हर रेडिएटरकडे निघाला. तो खाली गोणपाटावर ठेवलेला होता, धुऊन स्वच्छ, ओला, त्याची पितळी टाकी उन्हात सोन्यासारखी दिसत होती. आत्या त्याच्या आधी पोचली. शेडच्या कोपऱ्यातला घण तिनं कधी उचलला ते मला दिसलं नाही. पहिला घाव टाकीवर बसला आणि ती चेपली. दुसरा नळ्यांवर. दुपारभर सळई घालून एकेक मोकळी केलेल्या त्या नळ्या तिनं एका दमात ठेचून काढल्या. आतलं उरलंसुरलं नितळ पाणी सगळीकडून उडालं. फक्त घण वर जाताना श्वास, आणि खाली येताना लोखंडाचा आवाज. रेडिएटर भाकरीसारखा सपाट झाल्यावर ती घणावर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ने आता."

भाऊसाहेबानं टेम्पोच्या पायरीवरचा पाना घेतला. मी मध्ये गेले. मी मध्ये असूनही तो थांबला नाही. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. ती चिखलात पडली. पडल्यावरही तो मारत होता, पायांवर, त्या भाजलेल्या पायांवर, जणू तेच त्याला उलट उत्तर देत होते. ड्रायव्हर बघत उभा होता. मग लिंबाखालून बाया उठल्या. कमल पहिली. परीला सासूच्या अंगावर टाकून ती धावली आणि भाऊसाहेबाच्या मनगटाला दातांनी लोंबकळली. बाकीच्यांनी त्याला खाली पाडलं. कुणी धोंडा, कुणी वहाण, कुणी नुसतं नखांनी... त्या आयुष्यात पहिल्यांदा मुकादमाला हात लावत होत्या आणि थांबायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी मलाच त्यांना ओढावं लागलं.

दुधाच्या एका गाडीतून आम्ही आत्याला नगरला नेलं. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, तिच्या कानातून रक्त येत होतं. मांडवगण मागं पडल्यावर तिनं डोळे उघडले. "पोरगी कुठं हाय?" मला वाटलं माझ्याविषयी विचारतेय. म्हटलं, "इथंच आहे मी." ती चिडली. "तू न्हवं. ती बारकी." मी सांगितलं, परी लिंबाखाली आहे, आजीपाशी. टेम्पो हललेला नाही. "मग झालं," म्हणाली. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.

मी अजूनही मानते की माणसानं माणसावर हात उगारू नये. पण मला हेही विचारायचं आहे की त्या दुपारी हिंसा कुठून सुरू झाली? घणापासून? की रोज सकाळी या हायवेवरून, उकळत्या इंजिनावर लेकरं बसवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जी पळते, तिथून? तिला आपण दळणवळण म्हणतो. आत्यानं लोखंड फोडलं, त्यानं कवटी फोडली, आणि बातमीनं दोन्ही एका वाटीत कालवून त्याला वाद म्हटलं. मला हे गिळता येत नाही.

भाऊसाहेब कोठडीत आहे. टोळी मात्र हंगामाला गेलीच. जाणं भागच होतं. त्याच्या भावानं दुसरा टेम्पो पाठवला. जबाब होईपर्यंत ती मिरजगावलाच थांबली होती; दहावा झाल्यावर, ती निघायच्या दिवशी, मी फाट्यावर त्यांना भेटायला गेले. कमलचा जबाब आदल्या दिवशी झाला होता, तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं होतं. टेम्पो आला. रंग नवा, बाकी तोच प्रकार, इंजिन केबिनमध्ये, वर पत्र्याचं झाकण. सामान चढलं, माणसं मागे कोंबली गेली, आणि ड्रायव्हर, कानात हेडफोन घातलेला कुणी नवखा, बायांना म्हणाला, "चला, तुमी पुढं बसा."

कमल दारापाशी उभी राहिली. "आदी ह्ये झाकन उचल."

"का?"

"उचल."

"अगं बाई, गाडी कालच सर्व्हिसिंगवरनं आलीय. उशीर हुतोय." त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. एकही बाई चढत नव्हती. त्यानं हेडफोन काढले, गोधडी बाजूला फेकली आणि झाकण उचललं. आतून गरम वाफारा आला. कमलनं परीला सासूकडे दिलं, हात आत घातला आणि पायप दाबला. चटका बसला तसा हात मागे घेतला, पदर गुंडाळला आणि पुन्हा दाबला. बराच वेळ दाबून धरला.

"काय," ड्रायव्हर हसला, "कळलं का काय त्यातलं?"

"कडक हाय," कमल म्हणाली. "बाकीचं न्हाई कळत. पर उचललंस न्हवं."

ती बाजूला झाली आणि तिच्यामागची बाई पुढे आली. तिनंही वाकून पाहिलं, हात घातला. मग तिच्यामागची. शेवटची बाई बघून होईपर्यंत ड्रायव्हर ते झाकण दोन्ही हातांनी वर धरून उभा होता.